पिवळा हिसालू, काळा हिसालू: फळ नसतानाही ओळखायचे कसे?

मे-जूनमध्ये उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या डोंगरवाटांनी चालणाऱ्याला हिसालू मुद्दाम शोधावा लागत नाही. रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांवर सोनपिवळ्या फळांचे घोस दिसतात आणि वळणावळणावर मुले ती फळे पानांच्या द्रोणांत भरून विकायला बसलेली असतात. गढवालात याच फळाला हिंसर म्हणतात, हिमाचलात आखे, नेपाळात ऐंसेलु. त्याच वाटेवर, पुष्कळदा त्याच बांधावर, आणखी एक झुडूप असते. त्याचे फळ पिकल्यावर काळे-जांभळे होते. हा काळा हिसालू.

दोघेही गुलाबाच्या कुळातले, दोघेही रुबस याच प्रजातीतले आणि त्यातही रासबेरीच्या गटातले. पिवळ्याचे शास्त्रीय नाव रुबस एलिप्टिकस, काळ्याचे रुबस नीव्हियस. रंगसूत्रांची संख्याही दोघांची सारखीच, १४. युरोपातल्या ब्लॅकबेऱ्यांमध्ये फलन न होताच बी धरण्याच्या प्रकारामुळे शेकडो सूक्ष्म जाती झाल्या आहेत आणि त्या ओळखताना मुरलेले अभ्यासकही थकतात. त्या मानाने आपली ही जोडी सरळ आहे. दोघांतले फरक नुसत्या डोळ्यांना दिसतात, फक्त ते योग्य ठिकाणी पाहावे लागतात.

बहुतेक जण फळाच्या रंगावर निकाल देतात. ते अडचणीचे आहे. फळे वर्षातले जेमतेम काही आठवडे असतात, कच्च्या फळांचा रंग फसवतो आणि पिवळे फळ देणारा तिसराही एक भाऊबंद त्याच डोंगरात राहतो. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी पान, मग खोड, मग फूल आणि सगळ्यात शेवटी फळ.

सोबत काय घ्यावे

दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग, मोबाइल, लहानशी मोजपट्टी आणि जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा. भिंग नसले तरी काम चालते, पण खोडावरचे केस आणि फुलाची निदले (पाकळ्यांबाहेरची पानासारखी दले) त्यातून पाहण्यात मजा आहे. दोन्ही झुडपांचे काटे मागे वळलेले असतात. हात आत सहज जातो आणि बाहेर काढताना अडकतो. बाही अडकलीच तर झटका देऊ नका. हात आधी थोडा आणखी आत, झुडपाच्या दिशेने न्या, काटा सैल होतो, मग कापड वर उचलून सोडवा.

पहिली पायरी: हे रुबसच आहे ना?

ही पायरी वगळू नये, कारण काळ्या हिसालूचे पान लांबून रानगुलाबासारखे दिसते. एका मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंना ओळीने पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे सुटे भाग, आणि टोकाला एक. हिमालयातल्या याच उंचीवर पांढऱ्या फुलांचा चढणारा रानगुलाबही मुबलक आहे, तोही काटेरी, तोही बांधावरचा. दोघांना फूल नसेल तर घोटाळा हमखास होतो.

निकाल लागतो पानाच्या देठाच्या बुडाशी. तिथे उपपर्णांची, म्हणजे छोट्या पानासारख्या दोन अंगांची, जोडी असते. गुलाबात ही उपपर्णे देठाला दोन्ही कडांनी चिकटलेली असतात, त्यामुळे देठाच्या बुडाला पट्टीसारखे हिरवे पंख फुटल्यासारखे दिसतात. आपल्या दोन्ही हिसालूंत ती बारीक, दोऱ्याएवढी आणि सुटी असतात, कधी कधी वाळून गळूनही गेलेली. पंख दिसले तर झुडूप गुलाबाचे आहे, पुढे चला.

शेजारीच किल्मोडाही असतो, म्हणजे दारुहळदीची जात. त्याचे काटे बहुधा तिघांच्या जुडग्यात असतात आणि पान साधे, एकसंध असते. एकदा पाहिल्यावर तो गोंधळ पुन्हा होत नाही.

दुसरी पायरी: पर्णिका मोजा, पण कुठल्या पानाच्या?

सगळ्या ओळखीत हीच पायरी सर्वांत भरवशाची आहे, आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात. त्यामुळे जरा थांबून समजून घ्यायला हवी.

रासबेरीच्या गटातल्या झुडपांचे साधारण चक्र असे: जमिनीतून निघालेला धुमारा पहिल्या वर्षी नुसता वाढतो, पाने धरतो. दुसऱ्या वर्षी त्याच धुमाऱ्याच्या बगलेतून आखूड फांद्या फुटतात, त्यांना फुले-फळे येतात आणि मग तो वाळत जातो. तोवर बुडातून नवे धुमारे निघालेले असतात. म्हणजे एकाच झुडपात दोन तऱ्हेच्या फांद्या एकाच वेळी असतात. फुलोऱ्याच्या फांदीवरची, विशेषतः फुलोऱ्याच्या लगत असलेली पाने लहान आणि कमी पर्णिकांची असतात. काळ्या हिसालूत तिथे तीनच पर्णिकांचे पान मिळू शकते. कोणी नेमके तेच तोडून मोजले, तर काळ्याचा पिवळा होतो.

म्हणून फुले-फळे नसलेला, जोमदार, नवा धुमारा शोधा. त्याच्या मधल्या भागातली तीन-चार पूर्ण वाढलेली पाने पाहा. शेंड्याची कोवळी आणि बुडाची जुनी पाने सोडून द्या.

पिवळ्या हिसालूत पर्णिका तीन. टोकाची पर्णिका मोठी, रुंद, जवळपास गोलसर किंवा लंबगोल, सुमारे ४ ते ८ सेंटीमीटर लांब, कधी त्याहून मोठीही. तिला स्वतःचा दोन-तीन सेंटीमीटरचा देठ असतो. बाजूच्या दोन पर्णिका बऱ्याच लहान आणि मधल्या देठाला जवळजवळ चिकटून बसलेल्या. टोकाचा आकार कधी बोथट, कधी अगदी सपाट कापल्यासारखा असतो. एक मोठी आणि दोन धाकट्या, हे प्रमाण डोळ्यांत बसले की चालता चालताही झुडूप ओळखू येते.

काळ्या हिसालूत पर्णिका बहुधा पाच ते नऊ, क्वचित अकरा. आकाराने त्या एकमेकींच्या बरोबरीच्या, निमुळत्या, टोकदार. टोकाची थोडीशी मोठी असते आणि कधी तिला तीन खंड पडलेले असतात. हे खंड पाहून तीन पर्णिका मोजल्या जातात, तेव्हा चीर मधल्या शिरेपर्यंत पोचली आहे का ते बघा. पोचली नसेल तर पर्णिका एकच.

तिसरी पायरी: पान उलटे करा

खालची बाजू दोघांचीही पांढुरकी-राखाडी, दाट लवेने मढलेली असते. वारा आला की दोन्ही झुडपे पांढरी चमकतात. त्यामुळे पान खालून पांढरे आहे म्हणून काही ठरवायचे नाही.

ठरवायचे ते शिरांवरून. पिवळ्या हिसालूत खालच्या मुख्य शिरेवर आणि देठावर लालसर-तपकिरी राठ केस ताठ उभे असतात. वरची बाजू शिरा आत दबल्यामुळे सुरकुतलेली दिसते. काळ्याच्या शिरांवर असे तपकिरी केस नसतात, एखाददुसरा बारीक आकडी काटा मात्र देठावर सापडतो.

चौथी पायरी: खोड

पिवळ्या हिसालूच्या कोवळ्या खोडावर लालसर-तपकिरी राठ केसांचे इतके दाट आवरण असते, की खालची साल धड दिसत नाही. त्यात अधूनमधून वाकडे काटे. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सूर्याकडे तोंड करून पाहिले तर सगळ्या फांदीला तांबूस कडा आल्यासारखी दिसते. फोटो काढायला हीच वेळ चांगली. केस बोटाला टोचत नाहीत, काटे टोचतात, म्हणून बोट जपून फिरवा.

काळ्याचे खोड अगदी वेगळे. त्यावर राठ केस नाहीत. साल जांभळट-लाल, आणि तिच्यावर पांढुरका मेणचट थर. अंगठ्याने पुसला की खालचा जांभळा रंग उघडा पडतो. काटे विरळ, पण बुडाशी रुंद आणि मजबूत.

इथेच तिसऱ्या भाऊबंदाला भेटायला हवे. त्याचे नाव रुबस बायफ्लोरस. त्याचे खोड काळ्या हिसालूपेक्षाही पांढरे, जणू चुना लावलेले. पर्णिका मात्र तीन, क्वचित पाच. फूल पांढरे आणि फळ पिवळे! म्हणजे खोडावरून तो काळा वाटतो आणि फळावरून पिवळा. एकाच खुणेवर विसंबणाऱ्याला हे झुडूप हमखास गंडवते. त्याच्यासाठी जोडखूण लक्षात ठेवा: तीन पर्णिका आणि पिवळे फळ आहे, पण खोडावर तपकिरी केसांचा मागमूस नाही, उलट पांढरा थर आहे, तर तो पिवळा हिसालू नव्हे. मी तर म्हणेन, पर्णिका आणि खोड या दोन खुणा एकमेकींशी जुळल्याशिवाय नाव उच्चारूच नये.

जाता जाता काट्यांबद्दल. लिंबाचा काटा म्हणजे फांदीचेच बदललेले रूप, तो आतल्या लाकडाशी जोडलेला असतो. गुलाब आणि हिसालूचा काटा हा केवळ सालीवरचा उभार आहे. बाजूने अंगठ्याचा दाब दिला की तो सालीसकट निघून येतो.

पाचवी पायरी: फुले

पिवळ्या हिसालूची फुले लवकर येतात, थंडी ओसरू लागली की. पांढरी, सुमारे एक ते दीड सेंटीमीटर रुंद, फांदीच्या टोकाला दाटीवाटीने. पाकळ्या निदलांपेक्षा लांब असतात, त्यामुळे फूल उघडे, पसरलेले दिसते.

काळ्याची फुले त्यानंतर. गुलाबी ते गडद गुलाबी, सेंटीमीटरभर किंवा त्याहून लहान. गंमत अशी की पाकळ्या निदलांपेक्षा आखूड. बाहेर लवेने भरलेली राखाडी निदले आणि त्यांच्या आत आखडून बसलेल्या गुलाबी पाकळ्या, त्यामुळे पूर्ण उमललेले फूलही अर्धवट उमलल्यासारखे वाटते. नवखे लोक ते आणखी उमलायची वाट पाहत बसतात.

पिवळ्याच्या फुलातही कधी फिकी गुलाबी झाक असते. म्हणून रंगापेक्षा पाकळी आणि निदल यांची लांबी ताडून पाहा. पाकळ्या गळून गेल्या असतील तर ही पायरी सोडून द्या, ओढूनताणून अंदाज करू नका.

सहावी पायरी: फळ

गुलाबाच्या कुळात फळांचे प्रकार किती! सफरचंद, बदाम, स्ट्रॉबेरी सगळे याच घरातले. हिसालूच्या फुलात मधोमध बरीच सुटी किंजदले (फुलातले स्त्री-अवयव) असतात. त्यातल्या प्रत्येकाचा एकेक रसाळ दाणा होतो, त्याच्या आत एक कठीण बी. असे अनेक दाणे एकमेकांना चिकटून जे होते त्याला आपण एक फळ म्हणतो. प्रत्येक दाणा आंब्याच्याच जातकुळीचा: बाहेर साल, मध्ये गर, आत कोय.

पिकलेले फळ ओढले की देठाच्या टोकाचा पांढरा शंकू, म्हणजे पुष्पासन, झाडावरच राहतो आणि फळ पोकळ होऊन हातात येते. डोंगरातली पोरे ते टोपीसारखे बोटांच्या टोकांवर घालून एकेक खातात. ही पोकळी रासबेरीच्या गटाची खूण आहे. ब्लॅकबेरीत शंकू फळाबरोबरच तुटून येतो. त्यामुळे काळा हिसालू दिसायला कितीही ब्लॅकबेरीसारखा असला तरी तो रासबेरीच. या खुणेने गट कळतो, पण पिवळा की काळा ते कळत नाही, कारण पोकळ दोघेही असतात.

पिवळ्याचे फळ हिरव्यातून थेट पिवळ्याकडे आणि मग सोनेरी-नारिंगीकडे जाते. काळ्याचे हिरव्यातून लाल होते आणि मग काळे-जांभळे. लाल असताना ते रासबेरीसारखे मोहक दिसते, पण अजून कच्चे आणि आंबट असते, शिवाय शंकूला घट्ट धरून बसते. काळ्याच्या दाण्यांवर, विशेषतः दोन दाण्यांमधल्या खाचांत, राखाडी लव शेवटपर्यंत टिकते. भिंगातून ती स्पष्ट दिसते. आकारावर जाऊ नका, दोन्ही फळे सेंटीमीटरभराचीच.

जमिनीलगत सरपटणारे, तीन पर्णिकांचे आणि लाल फळाचे झुडूप दिसले तर ते या दोघांपैकी नाही. तो रुबस नेपालेन्सिस असण्याचा संभव आहे.

ऋतू आणि जागा: फक्त पुरावणी म्हणून

आधी पिवळा, मग काळा, हा क्रम एकाच ठिकाणी सहसा मोडत नाही. पिवळा एप्रिलपासून जूनपर्यंत, काळा त्याच्या मागून. पण उंची वाढली की सगळेच पुढे सरकते, त्यामुळे तारखेवरून नाव ठरवू नये. उंचीवरूनही नको. पायथ्याच्या टेकड्यांपासून सुमारे अडीच हजार मीटरपर्यंत दोघेही एकमेकांच्या हद्दीत मिसळलेले आहेत. उघडा उतार, रस्त्याची कड, पडीक शेत, चीड (पाइन) आणि बांज (ओक) यांच्या रानाची किनार, जिथे माणसाने किंवा दरडीने जमीन मोकळी केली तिथे दोघेही.

दोन्ही जाती केवळ हिमालयातल्या नव्हेत. दक्षिणेकडच्या उंच डोंगरांतही त्या आढळतात. काळ्याला इंग्रजीत मैसूर रासबेरी असेच म्हणतात, आणि थंडीची फारशी गरज नसल्याने तो फ्लोरिडासारख्या उष्ण प्रदेशातही लावला जातो.

तोडायचे आणि खायचे असेल तर

ओळख पक्की झाल्यावरच. हलक्या स्पर्शाने सुटेल तेच फळ घ्या. ओढावे लागत असेल तर ते पिकलेले नाही. प्रत्येक फळ उलटे करून पोकळीत डोकावा, मुंग्या आणि बारीक अळ्यांना ती जागा फार आवडते. खोल डब्यात भरू नका, खालची फळे वरच्यांच्या वजनाने फुटतात आणि तासाभरात सगळ्याचे पाणी होते. पसरट भांडे, एक किंवा दोन थर, पुरे. त्याच दिवशी संपवा. हिसालू मोठ्या बाजारात पोचत नाही तो याच कारणाने, चवीत काही उणे आहे म्हणून नव्हे. फळे जास्त असतील तर त्याच संध्याकाळी साखर घालून शिजवा आणि बिया नको असतील तर गरम असतानाच गाळून घ्या.

मुळांचे काढे पोटदुखीवर, तापावर देण्याची पद्धत डोंगरात आहे. वाटसरूने त्या वाटेला जाऊ नये. मूळ खणले की झुडूपही जाते.

बी सोबत आणू नका

हा भाग लोकांना अनावश्यक वाटतो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरच्या डोंगरात ही दोन्ही झुडपे बिनउपद्रवी, उलट उघड्या मातीला धरून ठेवणारी. पण परक्या भूमीत त्यांनी धुमाकूळ घातला आहे. पिवळा हिसालू हवाई बेटांवर गेला आणि तिथल्या ओल्या रानांत अभेद्य काटेरी जाळ्या करून बसला. जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. काळा हिसालू गॅलापागोस बेटांवर फळांसाठी नेला, तो शेतांतून सुटला आणि तिथल्या स्कॅलेशिया वृक्षांच्या रानात शिरला. ती रानेही जगात दुसरीकडे कुठे नाहीत. त्याच्या सावलीत रोपटी वाढत नाहीत, आणि झुडूप उपटले तरी मातीत साठलेले बी पुन्हा उगवते.

दोन्हीकडे कारणे तीच: गोड फळ, ते खाऊन दूर बी टाकणारे पक्षी आणि बियांशिवायही पसरण्याची ताकद. म्हणून गंमत म्हणून बी, रोप किंवा मूळ असलेला तुकडा दुसऱ्या डोंगरात, दुसऱ्या देशात नेऊ नका. परतीला निघण्यापूर्वी बुटांचे तळवे आणि सॅकचे कप्पे झटका.

नोंद कशी ठेवावी

आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गनोंदी टाकण्याच्या संकेतस्थळांवर हिसालूचे असंख्य फोटो नुसत्या फळांचे असतात, आणि त्यांवरून जाणकारालाही खात्रीने बोलता येत नाही. पूर्ण झुडपाचा एक फोटो घ्या. नव्या धुमाऱ्याच्या मधल्या पानाचा वरून एक आणि उलटे करून एक. कोवळ्या खोडाचा जवळून एक, ज्यात केस किंवा पांढरा थर दिसेल. फूल असेल तर ते समोरून न घेता बाजूने घ्या, म्हणजे निदले आणि पाकळ्या यांची लांबी एकाच चित्रात येते. फळ शेवटी, शक्यतो कच्चे आणि पिके एकाच चौकटीत.

सोबत तारीख आणि उंची लिहा. पर्णिका आणि खोड यांच्यात मेळ बसत नसेल तर नावापुढे फक्त रुबस एवढेच टाका आणि पान कुठल्या फांदीवरचे होते ते जरूर नोंदवा. पुढचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.